शब्द हाच पुरावा, शब्द हाच पत्ता

गुणात्मक संशोधनात माणसाचं बोलणं हाच पुरावा असतो. बाळंतपणानंतर किती टक्के स्त्रियांना नैराश्य येतं, हे सर्वेक्षण सांगू शकतं. पण ते नैराश्य घरात कुणाला सांगता येतं, कुणापासून लपवावं लागतं, त्याबद्दल बोलताना ती बाई कोणते शब्द वापरते, हे तिच्याच तोंडून ऐकावं लागतं. म्हणून समाजशास्त्र, मानववंशशास्त्र, आरोग्य, शिक्षण या क्षेत्रांतले अभ्यासक दीर्घ मुलाखती घेतात, महिनोन्महिने एखाद्या वस्तीत राहतात आणि आपल्या प्रबंधात लोकांची वाक्यं जशीच्या तशी देतात. त्या वाक्यांवरच प्रबंधाची विश्वासार्हता उभी असते. बोलणाऱ्याला पुढे त्रास होऊ नये म्हणून त्याचं नाव बदलायचं, गावाचं नाव बदलायचं, असा या क्षेत्राचा जुना शिरस्ता आहे. तो बहुतेकदा पुरलाही, कारण बोललेलं वाक्य हवेत विरून जायचं. प्रबंधात छापलेल्या वाक्याचा माग काढत मूळ माणसापर्यंत परत जाण्याची सोपी वाट नव्हती.

इंटरनेटवर ती वाट सदैव उघडी असते. जॉन आयर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या अभ्यासात हे नेमकं मोजलं आहे. २०१५ आणि २०१६ या दोन वर्षांत पबमेड या वैद्यकीय सूचीत नोंदले गेलेले, ट्विटरवरचा मजकूर वाचून केलेले शोधनिबंध त्यांनी तपासले. त्यांपैकी ७२ टक्के निबंधांत कुणाचं ना कुणाचं किमान एक ट्वीट शब्दशः दिलेलं होतं. ते शब्द शोधयंत्रात टाकल्यावर ८४ टक्के वेळा लिहिणाऱ्याच्या खात्यापर्यंत पोचता आलं. नावं गाळलेली असूनही हे घडलं. ऑनलाइन गुणात्मक संशोधनाची सगळी अडचण या आकड्यात एकवटली आहे. या संशोधनात शब्द हा पुरावा असतो आणि इंटरनेटवर तोच शब्द माणसाचा पत्ताही असतो. त्यामुळे अवतरण कसं द्यायचं, मुलाखत कोणत्या ॲपवर घ्यायची, ध्वनिमुद्रण कुठे साठवायचं, शब्दांकन कुणाकडून करून घ्यायचं, हे वरवर निव्वळ तांत्रिक वाटणारे निर्णय मुळात नैतिक निर्णय असतात. माझं म्हणणं एवढंच आहे की, ते त्याच गांभीर्यानं घेतले गेले पाहिजेत. एकदा अर्जावर सही मिळाली किंवा मजकूर उघड्यावर सापडला, की जबाबदारी संपली, असं मानता येणार नाही.

हा प्रश्न आता मूठभर तंत्रप्रेमी अभ्यासकांपुरता उरलेला नाही. क्रिस्टीन हाइन यांचं ‘व्हर्च्युअल एथ्नोग्राफी’ हे पुस्तक २००० साली आलं, तेव्हा ऑनलाइन समूहात जाऊन क्षेत्रकार्य करणं ही नवलाई होती. टॉम बेलस्टॉर्फ यांनी ‘सेकंड लाइफ’ या आभासी जगाचा मानववंशशास्त्रीय अभ्यास २००८ साली पुस्तकरूपात आणला. त्यानंतर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या ‘व्हाय वी पोस्ट’ या प्रकल्पात नऊ मानववंशशास्त्रज्ञ जगाच्या वेगवेगळ्या भागांत पंधरा-पंधरा महिने राहिले. त्यांपैकी श्रीराम वेंकटरामन यांनी तमिळनाडूत काम केलं. त्यांचं पुस्तक २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. मग २०२० ची टाळेबंदी आली आणि घराबाहेर पडणंच बंद झाल्यावर जगभरच्या पीएच.डी. विद्यार्थ्यांनी मुलाखतींसाठी झूम, गूगल मीट आणि व्हॉट्सॲप हाताशी धरलं. टाळेबंदी उठली, सवय राहिली. या सवयीचे फायदेही खरे आहेत. परदेशी गेलेल्या मराठी परिचारिकेशी, रात्रपाळी करणाऱ्या कामगाराशी, घराबाहेर पडू न शकणाऱ्या दिव्यांग व्यक्तीशी संशोधक आता सहज बोलू शकतो. समोरासमोर जे सांगताना जीभ अडखळते, ते काही जण टंकलिखित संवादात मोकळेपणानं सांगतात. म्हणून ऑनलाइन संशोधन बंद करा, असं कुणी म्हणणार नाही. प्रश्न ते कोणत्या शिस्तीनं करायचं, हा आहे.

या शिस्तीच्या आड येणारा पहिला युक्तिवाद अगदी सरळ वाटतो: लोकांनी स्वतःहून जे उघड्यावर लिहिलं आहे, ते वाचायला आणि वापरायला परवानगी कशाला? हा युक्तिवाद किती तकलादू आहे, हे हार्वर्डच्या एका प्रकल्पानं दाखवून दिलं. तिथल्या समाजशास्त्रज्ञांनी एका महाविद्यालयातल्या एका संपूर्ण तुकडीची, म्हणजे सुमारे १,७०० विद्यार्थ्यांची, फेसबुकवरची माहिती गोळा केली. तिचा पहिला भाग सप्टेंबर २००८ मध्ये त्यांनी इतर अभ्यासकांसाठी खुला केला. नावं काढली होती, महाविद्यालयाचं नाव दिलेलं नव्हतं. पण सोबतच्या तपशिलांवरून, विशेषतः विद्यार्थ्यांच्या अभ्यासविषयांच्या नावांवरून, ते महाविद्यालय हार्वर्डच असल्याचं थोड्याच दिवसांत उघड झालं. एकदा महाविद्यालय कळलं की, एखाद्या देशातून आलेला एकमेव विद्यार्थी ओळखणं अवघड राहत नाही. मायकेल झिमर यांनी २०१० मध्ये या प्रकरणाची चिकित्सा केली, तेव्हा आणखी एक गोष्ट पुढे आली. माहिती गोळा करणारे साहाय्यक त्याच विद्यापीठाच्या नेटवर्कमधले होते. त्यामुळे काही विद्यार्थ्यांनी फक्त आपल्या विद्यापीठापुरती खुली ठेवलेली माहितीही त्यांना दिसू शकत होती. जी माहिती ‘उघडी’ म्हणून उचलली, ती सगळ्या जगासाठी उघडी होतीच असं नाही.

चावडीवर चारचौघांत बोललेलं आणि तेच बोलणं नावगावासह वर्तमानपत्रात छापून आलेलं, यांत जो फरक आहे, तोच इथे आहे. चावडीवरचं बोलणं गुप्त नसतं, पण ते तिथल्या माणसांसाठी, तिथल्या संदर्भात असतं. हेलन निसेनबॉम यांनी २००४ मध्ये खासगीपणाची जी मांडणी केली, तिचा गाभा हाच आहे. माहिती गुप्त आहे की उघड, असा दोनच खणांचा हिशेब त्या मान्य करत नाहीत. कोणती माहिती, कुणी, कुणाला, कोणत्या अपेक्षेनं दिली, हे त्या विचारतात. रुग्णानं डॉक्टरला सांगितलेली गोष्ट डॉक्टरनं दुसऱ्या तज्ज्ञाला सांगणं योग्य असतं. तीच त्याच्या मालकाला सांगणं हा विश्वासघात असतो. त्याआधी, २००१ मध्ये, गुंथर आयझेनबाख आणि जेम्स टिल यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इंटरनेटवरच्या समूहांविषयी साध्या कसोट्या सुचवल्या होत्या. वाचण्यासाठी नाव नोंदवावं लागतं का? सदस्य दहा आहेत, शंभर की हजारो? समूहाचे स्वतःचे नियम काय म्हणतात? शब्दशः अवतरण शोधयंत्रानं सापडेल, हा इशाराही त्यांनी तेव्हाच दिला होता. दीड दशकानंतरही तो बहुतेकांनी ऐकलेला नव्हता, हे आयर्स यांच्या आकड्यांवरून दिसतं.

लोकांना स्वतःला काय वाटतं, हेही पाहायला हवं. केसी फीस्लर आणि निकोलस प्रोफेरेस यांनी ट्विटर वापरणाऱ्या २६८ जणांना विचारलं. आपली ट्वीट संशोधक वापरू शकतात, याची त्यांच्यापैकी बहुसंख्यांना कल्पना नव्हती. परवानगीशिवाय ती वापरू नयेत, असं मत असणारेही बहुसंख्य होते. आणखी महत्त्वाचं म्हणजे त्यांचं उत्तर सरसकट नव्हतं. अभ्यास कशाचा आहे, कोण करतं आहे, ट्वीट शब्दशः छापलं जाणार आहे का, यावर ते अवलंबून होतं. म्हणजे सामान्य माणूस नकळत निसेनबॉम यांच्याच पद्धतीनं विचार करत होता. अभ्यासकानं त्याहून ढोबळ विचार करण्याला काही सबब नाही.

संदर्भ तुटलेल्या शब्दांचे परिणाम महाराष्ट्रानं पाहिले आहेत. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबईत पाळलेल्या बंदविषयी पालघरच्या एका तरुणीनं फेसबुकवर दोन-चार ओळी लिहिल्या, तिच्या मैत्रिणीनं त्या ‘लाइक’ केल्या. दोघींना अटक झाली. एकीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या कलम ६६-अ खाली कारवाई झाली, ते सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवलं. पण तोवर त्या मुलींना जे भोगायचं ते भोगून झालं होतं. ही संशोधनाची गोष्ट नाही, हे मला मान्य आहे. पण जातीविषयी, धर्माविषयी, लैंगिकतेविषयी लिहिलेली एखादी ओळ आपल्या प्रबंधात उचलून ठेवणाऱ्या अभ्यासकानं पालघरची ही घटना आठवली पाहिजे. पन्नास ओळखीच्या माणसांसाठी लिहिलेल्या ओळीला आपण नवा, अनोळखी आणि कदाचित शत्रुत्व बाळगणारा वाचक मिळवून देत असतो. त्या वाचकाला उत्तर देण्याची वेळ अभ्यासकावर येत नाही, लिहिणाऱ्यावर येते.

इथे कुणी कायद्याकडे बोट दाखवेल. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचं एकमतानं सांगितलं. त्यातून पुढे डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ आला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियमही अधिसूचित झाले. पण हा कायदा नीट वाचला तर संशोधकापुरता तो दोन मोठी दारं उघडी ठेवतो. व्यक्तीनं स्वतः सार्वजनिक केलेल्या माहितीला तो लागूच होत नाही. आपली मतं ब्लॉगवर लिहिताना स्वतःची माहिती जाहीर करणाऱ्या व्यक्तीचं उदाहरण कायद्यातच दिलं आहे. संशोधन आणि संख्याशास्त्रीय कामालाही त्यात सूट आहे. अट एवढीच की, त्या माहितीवरून संबंधित व्यक्तीविषयी कोणताही निर्णय घेतला जाऊ नये आणि सरकारनं ठरवलेली मानकं पाळली जावीत. या सवलतींचा हेतू रास्त आहे, नाहीतर इतिहास लिहिणंही कठीण होईल. पण कायद्यानं अडवलं नाही म्हणजे कृती योग्य ठरली, असं नाही. मुंबईच्या ‘सेहत’ संस्थेच्या पुढाकारानं आरोग्यविषयक सामाजिक संशोधनासाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वं २००० सालीच तयार झाली होती. डेटाचा कायदा तेव्हा दोन दशकं दूर होता. सहभागी माणसाचं हित जपण्यासाठी कायद्याची वाट पाहावी लागत नाही, ही समज आपल्याकडे जुनी आहे.

दुसरा आक्षेप उलट बाजूनं येतो. एवढंच असेल तर प्रत्येकाची संमती घ्या, म्हणजे प्रश्न मिटला. तो मिटत नाही. जेम्स हडसन आणि एमी ब्रकमन यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात संशोधकांनी अनेक चॅटरूममध्ये जाऊन आपण अभ्यासासाठी संवाद नोंदवत असल्याचं सांगितलं. बहुतेक ठिकाणांहून त्यांना बाहेर काढण्यात आलं. ‘तयार असाल तर कळवा’ असं जिथे विचारलं, तिथल्या ७६६ जणांपैकी फक्त चौघांनी होकार दिला. यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली, सार्वजनिक वाटणाऱ्या जागेतही आपला अभ्यास व्हावा, असं लोकांना वाटत नाही. दुसरी, हजारो लोकांच्या वाहत्या संवादात प्रत्येकाची आगाऊ संमती ही अट ठेवली, तर संशोधनच अशक्य होतं. द्वेषाचा प्रचार करणाऱ्या गटाचा अभ्यास त्या गटाच्या परवानगीनं होणार नाही. मंत्र्याच्या जाहीर विधानाची चिकित्सा करायला मंत्र्याची संमती मागण्याचं कारण नाही.

म्हणून संमतीचा एकच ठोकळेबाज नमुना उपयोगाचा नाही. असोसिएशन ऑफ इंटरनेट रिसर्चर्स या संघटनेनं २००२, २०१२ आणि २०१९ अशा तीन वेळा जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांचा कल हाच आहे: नियमांची यादी देण्याऐवजी प्रत्येक टप्प्यावर विचारायचे प्रश्न द्यायचे. त्या प्रश्नांतून माझ्या मते दोन मापं हाती लागतात. एक, बोलणारा किती असुरक्षित आहे आणि त्याच्याकडे किती सत्ता आहे. एचआयव्हीबाधित तरुणाची नोंद आणि आमदाराची पोस्ट या दोन्ही एकाच संकेतस्थळावर असल्या, तरी त्यांना एकच नियम लावता येत नाही. दोन, संशोधक फक्त वाचतो आहे की लोकांच्या आयुष्यात हस्तक्षेप करतो आहे. हस्तक्षेप असेल तिथे संमतीला पर्याय नाही. फेसबुकनं जानेवारी २०१२ मध्ये आठवडाभर ६,८९,००३ लोकांना दिसणाऱ्या पोस्टमधला आनंदी आणि दुःखी मजकूर कमी-जास्त करून त्यांच्या लिखाणातल्या भावना बदलतात का, हे पाहिलं. २०१४ मध्ये तो निबंध छापून आल्यावर खळबळ माजली. खातं उघडताना मान्य केलेल्या अटींमध्येच संमती आली, हे स्पष्टीकरण फार जणांना पटलं नाही. निबंध छापणाऱ्या नियतकालिकालाही संपादकीय चिंता व्यक्त करावी लागली. तरी धडा पक्का झाला नाही. झ्युरिक विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी रेडिटवरच्या एका चर्चागटात कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेतलेल्या हजाराहून अधिक प्रतिक्रिया माणसांच्या नावानं टाकल्याचं एप्रिल २०२५ मध्ये उघड झालं. त्यांतली काही बनावट पात्रं तर लैंगिक अत्याचारातून वाचलेल्या व्यक्तीची होती. आपण कुणाशी बोलतो आहोत, हे गटातल्या माणसांना ठाऊकच नव्हतं. निकाल प्रसिद्ध न करण्याचा निर्णय शेवटी संशोधकांना घ्यावा लागला. विषय महत्त्वाचा होता म्हणून फसवणूक क्षम्य ठरत नाही. उलट त्या फसवणुकीमुळे पुढच्या प्रामाणिक अभ्यासकासाठी दार बंद होतं.

वाचलेल्या मजकुराचं काय करायचं, हा प्रश्न मात्र उरतोच. एमी ब्रकमन यांनी २००२ मध्येच ओळख झाकण्याच्या पायऱ्या सांगितल्या होत्या: काहीच न झाकणं, फक्त नाव बदलणं, त्यापुढे तपशीलही बदलणं आणि सर्वांत वरच्या पायरीवर शब्दशः अवतरण अजिबात न देणं. ॲनेट मार्कहॅम त्याहून पुढे गेल्या. अनेकांच्या बोलण्यातून एक संमिश्र व्यक्तिरेखा किंवा संवाद रचणं हा काही प्रसंगी नैतिक मार्ग असू शकतो, असं त्यांनी २०१२ मध्ये मांडलं. यावर आक्षेप ठरलेला आहे: शब्द बदलले तर तो पुरावा कसला? ही तर ललित रचना झाली. आक्षेप गंभीर आहे, कारण गुणात्मक संशोधनाची ताकद नेमक्या शब्दांतच असते. पण पुरावा जपणं आणि पुरावा चव्हाट्यावर मांडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मूळ मजकूर कुलपात ठेवून परीक्षकांना आणि समीक्षकांना दाखवता येतो. काय बदललं, किती बदललं आणि का, हे पद्धतीच्या प्रकरणात उघडपणे सांगता येतं. जिथे नेमका शब्द अपरिहार्य असेल, तिथे त्या एका माणसाला शोधून, त्याची परवानगी घेऊन तो छापता येतो. मराठी मजकूर इंग्रजी प्रबंधात भाषांतरित करून दिला की तो सापडत नाही, असं काही जण मानतात. यंत्र-अनुवाद सुधारत चाललेला असताना हा पडदा दिवसेंदिवस पातळ होतो आहे.

याची दुसरी बाजूही तितकीच न्याय्य आहे. नाव झाकणं हा नेहमीच उपकार नसतो. दलित, आदिवासी, तृतीयपंथी समाजातले कित्येक जण समाजमाध्यमांवर विचारपूर्वक, स्वतःच्या नावानं लिहितात. ते लेखन आहे; साहित्य आहे, विश्लेषण आहे. त्यातला विचार उचलून ‘एका वापरकर्त्याच्या मते’ अशा शब्दांत छापला, तर संरक्षणाच्या नावाखाली श्रेय हिरावलं जातं. शतकानुशतकं ज्यांचं ज्ञान दुसऱ्यांच्या नावावर जमा झालं, त्यांच्याबाबत ही चूक फार महाग आहे. म्हणून लिहिणाऱ्याला विचारणं हाच मार्ग: तुम्हाला नाव हवं आहे, की नको? दोन्ही उत्तरांचा मान राखण्याची तयारी संशोधकाकडे हवी.

मुलाखतींचा विचार करू लागलं की अडचणी वेगळं रूप घेतात. संशोधकाच्या पडद्यावर एकच चेहरा दिसतो. त्या खोलीत आणखी कोण बसलं आहे, हे दिसत नाही. नित्या संबसिवन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये भारत, पाकिस्तान आणि बांगलादेशातल्या १९९ सहभागींचा अभ्यास मांडला, तेव्हा स्त्रियांचा फोन हा घरच्यांचाही फोन असतो, हे ठळकपणे पुढे आलं. मुलं, नवरा, सासरची माणसं तो सहज हाताळतात. त्या स्त्रिया ॲपला कुलूप लावतात, एखादाच संदेश निवडून पुसतात किंवा काही गोष्टी फोनवर करणंच टाळतात. अशा फोनवर संशोधकानं ‘कौटुंबिक हिंसाचाराचा अभ्यास’ असं शीर्षक असलेलं संमतिपत्र पाठवलं, तर तो कागदच धोका ठरू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेनं कौटुंबिक हिंसाचारावरच्या संशोधनासाठी २००१ मध्ये दिलेल्या शिफारशींत उत्तर देणाऱ्या स्त्रीची सुरक्षितता सर्वोच्च मानली आहे आणि घरात-वस्तीत अभ्यासाची ओळख हिंसाचाराचं नाव न घेता करून द्यावी, असं सुचवलं आहे. व्हॉट्सॲपच्या काळात तो सल्ला जास्तच लागू होतो: बोलणं लेखी नको असेल तर नुसता कॉल, कुणी खोलीत आलं तर विषय बदलण्यासाठी आधीच ठरवलेला शब्द, आणि संवाद संपल्यावर काय पुसायचं याचं बोलणं. नेटवर्क गेलं आणि समोरची व्यक्ती रडता रडता पडद्यावरून नाहीशी झाली, तर पुढे काय करायचं, मदतीसाठी कुणाचा क्रमांक द्यायचा, हेही मुलाखतीपूर्वीच ठरलेलं असायला हवं.

ऑनलाइन पद्धतीमुळे संशोधन लोकशाहीवादी होतं, कुणालाही भाग घेता येतो, असं म्हटलं जातं. आकडे वेगळं सांगतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ३३.३ टक्के स्त्रियांनी कधी ना कधी इंटरनेट वापरल्याचं सांगितलं. पुरुषांत हे प्रमाण ५७.१ टक्के होतं. स्वतः वापरता येईल असा मोबाइल ५४ टक्के स्त्रियांकडे होता. त्यानंतर परिस्थिती पुष्कळ बदलली आहे, पण असमानतेची दिशा ओळखायला हे आकडे पुरेसे आहेत. ऑनलाइन मुलाखतींतून ‘ग्रामीण स्त्रीचा अनुभव’ मांडणारा प्रबंध मुळात फोन हातात असलेल्या, बोलायला एकांत मिळणाऱ्या ग्रामीण स्त्रीचा अनुभव मांडत असतो. गुणात्मक संशोधन टक्केवारीचा दावा करत नाही, त्यामुळे त्याला नमुन्याची चिंता नको, असं यावर उत्तर दिलं जातं. ते अपुरं आहे. कोणते आवाज आत आले आणि कोणते दाराबाहेर राहिले, हे न सांगणारं संशोधन आपल्या निष्कर्षांची सीमाच लपवतं.

उलट टोकाला, आत आलेला आवाज खरा आहे का, हाही प्रश्न आता उभा राहिला आहे. सहभागासाठी मानधन जाहीर केलेल्या ऑनलाइन अभ्यासांत खोटे सहभागी शिरण्याचे अनुभव आरोग्य-संशोधकांनी अलीकडच्या वर्षांत नोंदवले आहेत. थोड्या वेळात एकसारखे अनेक ईमेल येतात, कॅमेरा सुरू करायला नकार मिळतो, उत्तरं मोघम असतात आणि मानधनाची चौकशी वारंवार होते. पडताळणीसाठी ओळखपत्र मागावं, तर ज्यांना खरोखर अनाम राहायचं आहे तेच आधी गळतात. कॅमेऱ्याची सक्ती केली, तर अत्याचार सोसलेली स्त्री बोलायला येणार नाही. या पेचावर यांत्रिक तोडगा नाही. सार्वजनिक जाहिरातीऐवजी विश्वासू संस्थांमार्फत सहभागी मिळवणं, निवडीआधी दहा मिनिटं साधं बोलणं आणि संशयाचा भार प्रामाणिक माणसावर पडू न देणं, एवढं करता येतं.

मुलाखत झाल्यावर शब्दांकनाचं काम येतं. तासाभराच्या मुलाखतीला हातानं कित्येक तास लागतात, म्हणून यंत्राचा मोह समजण्यासारखा आहे. पण यंत्र सगळ्यांना सारखं ऐकत नाही. ॲलिसन कोनेके आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये ॲमेझॉन, ॲपल, गूगल, आयबीएम आणि मायक्रोसॉफ्ट या पाच कंपन्यांच्या यंत्रणा तपासल्या. अमेरिकेतल्या गोऱ्या लोकांच्या बोलण्यात शंभर शब्दांमागे सरासरी १९ चुका झाल्या, कृष्णवर्णीयांच्या बोलण्यात ३५. त्याच कोनेके यांच्या २०२४ च्या अभ्यासात व्हिस्पर या यंत्रणेनं सुमारे एक टक्का ध्वनिफितींमध्ये कुणीही न बोललेली संपूर्ण वाक्यं घुसडलेली आढळली. अशा मजकुरांपैकी ३८ टक्के मजकूर हिंसेचे उल्लेख किंवा खोटे संदर्भ यांमुळे घातक होता. वाचाघात झालेल्या व्यक्तींच्या ध्वनिफितींत हे जास्त घडलं. मुळात ज्यांचं बोलणं जगाला कमी ऐकू येतं, त्यांच्याच तोंडी यंत्र परके शब्द घालतं, असा याचा अर्थ. वऱ्हाडी, मालवणी किंवा अहिराणी बोलणाऱ्याची मुलाखत प्रमाण भाषेवर शिकलेल्या यंत्राकडे सोपवणाऱ्यानं प्रत्येक ओळ मूळ आवाजाशी ताडून पाहिलीच पाहिजे. शिवाय शब्दांकनासाठी किंवा सारांशासाठी मुलाखत एखाद्या कंपनीच्या सर्व्हरवर चढवली, की ‘हे माझ्याजवळच राहील’ हे सहभागी व्यक्तीला दिलेलं वचन तिथेच मोडतं. हे टाळता येतं. फाइल स्वतःच्या संगणकावर ठेवावी, ती कूटबद्ध करावी, शब्दांकनाचं साधन त्याच संगणकावर चालवावं. तेही जमत नसेल, तर फाइल कुणाकडे जाणार हे संमती मागतानाच साध्या मराठीत सांगावं.

शेवटचा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. मोठ्या कंपन्या लोकांचा शब्दन्‌शब्द रोज चाळतात, विकतात, त्यावर यंत्रं शिकवतात. आणि निर्बंध मात्र तुटपुंज्या शिष्यवृत्तीवर काम करणाऱ्या संशोधकाला. शिवाय कंपन्यांनी अभ्यासकांचे अधिकृत मार्गही बंद करत आणले आहेत: ट्विटरनं २०२३ मध्ये मोफत प्रवेश काढून घेतला, फेसबुकच्या मालक कंपनीनं ऑगस्ट २०२४ मध्ये क्राउडटँगल हे साधन बंद केलं. कठोर नैतिकतेमुळे सत्तेवर नजर ठेवणारं संशोधनच मरेल आणि लोकांविषयीचं ज्ञान कंपन्यांच्या तिजोरीत राहील, ही भीती खोटी नाही. म्हणूनच वर सत्तेचं माप सांगितलं. कंपनी, सरकार, राजकीय पक्ष, संघटित प्रचारयंत्रणा यांचा अभ्यास करताना अभ्यासकाला अधिक मोकळीक हवी, आणि ती मिळावी म्हणून विद्यापीठांनी त्याच्या पाठीशी उभं राहायला हवं. पण कंपन्या अमुक करतात म्हणून आपणही करू, हा युक्तिवाद संशोधनाचा पायाच काढून घेतो. कंपनीला माणसाचं बोलणं त्याच्या नकळत मिळतं. गुणात्मक संशोधकाला ते मिळतं, कारण तो माणूस सांगायला तयार होतो. आजार, जात, भीती, प्रेम यांविषयी कुणी मनापासून बोलतं, ते ऐकणारा आपलं बोलणं सांभाळेल या भरवशावर. तो भरवसा गेला, तर लोक गप्प बसतील किंवा ठरीव, निरुपद्रवी उत्तरं देतील. मग हाती येणारी माहिती खोटीच असेल. सहभागी माणसाचं हित आणि ज्ञानाचा खरेपणा या इथे एकमेकांविरुद्धच्या मागण्या नाहीत. पहिलं सांभाळलं तरच दुसरा टिकतो.

हे साधायला फार मोठी यंत्रणा लागत नाही. समाजशास्त्रांच्या विभागांत संशोधनपद्धतीचा अभ्यासक्रम असतोच. त्यात ध्वनिफीत कूटबद्ध कशी करावी, अवतरण शोधयंत्रात टाकून कसं तपासावं, संमती टप्प्याटप्प्यानं पुन्हा कशी विचारावी, हे नमुनानिवडीइतकंच सक्तीनं शिकवता येईल. नैतिकता समित्यांमध्ये वैद्यकशास्त्राच्या जाणकारांबरोबर इंटरनेट जाणणारा एक सदस्य आणि अभ्यास होणाऱ्या समूहातला एक सदस्य बसवता येईल. प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत ‘तुमचे सहभागी किती?’ या प्रश्नाच्या जोडीला ‘तुमच्या पानांवरून त्यांच्यापर्यंत पोचता येतं का, हे तपासलंत का?’ हाही प्रश्न विचारता येईल. ज्या दिवशी विद्यार्थी हा प्रश्न येणार असं गृहीत धरून आपलं संशोधन आखू लागतील, त्या दिवशी ऑनलाइन गुणात्मक संशोधन खऱ्या अर्थानं प्रौढ झालं, असं म्हणता येईल.